अंगण आणि गावतळं: घराजवळच्या पक्षी-कीटकांचे फोटो कसे काढावेत

घराच्या आवारात येणारा दयाळ बहुतेक रोज त्याच सुमारास येतो, कुंपणाच्या त्याच खांबावर बसतो आणि तिथूनच खाली उतरून किडे टिपतो. तळ्यावरचा खंड्याही ठरलेल्या दोन-तीन फांद्या सहसा सोडत नाही. अभयारण्यात एका दिवसासाठी गेलेल्या माणसाला ही माहिती मिळत नाही, घराजवळ राहणाऱ्याला ती आपोआप मिळते. म्हणून घराजवळच्या फोटोंचा क्रम वेगळा ठेवता येतो. आधी पार्श्वभूमी ठरवायची, मग उजेडाची दिशा, मग पक्षी बसेल ती जागा, आणि पक्ष्याची वाट सगळ्यात शेवटी पाहायची. हा क्रम पाळला तर साध्या कॅमेऱ्यानेही चांगला फोटो मिळतो. क्रम चुकला तर महागड्या लेन्सलाही मागचे दोरीवरचे कपडे लपवता येत नाहीत.

आधी पाहणी

पहिले चार-पाच दिवस नुसती वही घेऊन बसा. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास पुरे. चार गोष्टी लिहा: कोण आलं, किती वाजता, कुठे बसलं, आणि तेव्हा ऊन कुठून येत होतं. चौथी नोंद बहुतेक जण वगळतात, आणि पुढे तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

शिंपी, दयाळ, लालबुड्या बुलबुल, सातभाई, साळुंकी, राखी वटवट्या, भारद्वाज, तांबट हे पक्षी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत, जिथे थोडी झाडी आहे तिथे, सापडतात. सातभाई टोळीने फिरतात. पहिला आला की कॅमेरा तयार ठेवा, बाकीचे मागोमाग येतात.

ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात, म्हणजे साधारण हिवाळा सरत आल्यापासून पावसाळ्यापर्यंत, चमकदार निळा-जांभळा असतो. वीण संपली की तो मादीसारखा पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. हा वेगळाच पक्षी असं समजून पुष्कळ जण फसतात. फुलपाखरं आणि चतुर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, भरपूर असतात. तळ्यावर धोबी, तुतवार आणि स्थलांतरित बदकं ऑक्टोबर ते मार्च या काळात भेटतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात कीटकांचा हंगाम संपायचा असतो आणि पाहुणे पक्षी येऊन पोचलेले असतात. सुरुवात करायला याहून सोयीचा काळ नाही.

कॅमेरा, लेन्स आणि टेकण

पक्ष्यांसाठी ३०० मिमीपर्यंत पोचणारी लेन्स हवी. मध्यम आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर, ३०० मिमीने ४ मीटरवरच्या फ्रेमची रुंदी सुमारे ३० सेंमी येते. २० सेंमीचा बुलबुल तिच्यात नीट मावतो. जेमतेम १३ सेंमीच्या शिंप्यासाठी मात्र ३ मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. लेन्स घेताना तिचं सर्वांत जवळचं फोकस अंतर नक्की पाहा. १५०-६०० मिमी झूम लेन्सना साधारण अडीच-तीन मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे लहान गॅलरीत त्या अडचणीच्या ठरतात. एकाच जोडलेल्या लेन्सचे सुपरझूम कॅमेरे अंगणातल्या पक्ष्यांना पुरतात, फक्त त्यांचा सेन्सर लहान असल्याने आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० च्या पुढे चित्र दाणेदार होतं. मोबाइल फुलपाखरं, सरडे, कोळी आणि बेडूक यांच्यासाठी चांगला. त्यात डिजिटल झूम वापरू नका, शक्य तितकं जवळ जा आणि फोटो नंतर कापा.

तिवईपेक्षा बीनबॅग जास्त कामाची. जुन्या जीन्सच्या पायाचा ३५ सेंमी लांब तुकडा घ्या, एक टोक शिवा, आत जाड प्लास्टिक पिशवीत दीड ते दोन किलो मोहरी किंवा तांदूळ भरा आणि दुसरं टोक बांधा. पिशवी पाऊण भागच भरा. ठासून भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही, वरून घरंगळते. मोहरी लेन्सच्या आकाराप्रमाणे जास्त चांगली बसते. तांदळाला पावसाळ्यात किडे होतात, म्हणून आतली प्लास्टिक पिशवी विसरू नका. खिडकीची चौकट, गाडीची काच, तळ्याचा बांध, कुठेही ही पिशवी चालते.

अंगणातला पाणवठा

दाणे टाकले की कबुतरं येतात आणि बाकीचे पक्षी दूर राहतात. पाण्याचं तसं नाही. शिंपी, दयाळ, वटवट्या, बुलबुल असे किडे आणि फळं खाणारे पक्षी दाण्याकडे फिरकत नाहीत, पण पाण्यावर येतात. म्हणून खर्च आणि मेहनत पाण्यावर करा.

आधी तुमची बसायची जागा ठरवा. तिथून समोर पाहा आणि मागे किमान चार-पाच मीटरवर एकसंध हिरवं किंवा गडद काही दिसेल अशी रेषा शोधा. मेंदीचं कुंपण, झाडाची सावली, वेलीने झाकलेली भिंत, काहीही चालेल. पांढरी भिंत, वायर, पाण्याची टाकी त्या रेषेत नको. तुमच्यापासून पक्षी बसायची फांदी (ती कशी लावायची ते पुढे आहे) जितकी दूर, त्याच्या निदान दीडपट अंतर फांदीपासून पार्श्वभूमीपर्यंत हवं, म्हणजे मागचं सगळं विरघळून जातं. उजेड तुमच्या पाठीमागून किंवा खांद्यावरून यायला हवा. शिंजिराच्या पिसांची झळाळी तर ऊन तुमच्या पाठीशी असतानाच दिसते, ढगाळ हवेत तोच पक्षी काळा ठिपका वाटतो.

आता भांडं. मातीचं पसरट परळ, ३५ ते ४० सेंमी व्यासाचं, आतून खरबरीत. पाणी कडेला २ आणि मध्ये ४ सेंमीपेक्षा खोल नको. भांडं खोल असेल तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. गुळगुळीत स्टीलच्या परातीत पाय घसरतात, म्हणून पक्षी काठावरूनच परत जातात. लहान पक्ष्यांसाठी भांडं ६० ते ९० सेंमी उंचीवर ठेवा. साळुंकी आणि सातभाई जमिनीवरही उतरतात. दोन-तीन मीटरवर झुडूप असावं, पण भांड्याच्या लगत नको: लगतच्या झुडपात मांजर दबा धरून बसतं.

थेंबाच्या आवाजाने आणि हलत्या पाण्याने पक्षी लवकर येतात. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला बारीक सुईने भोक पाडा आणि बाटली उलटी करून भांड्यावर मीटरभर उंच टांगा. दर सेकंदाला एक थेंब पडला तर बाटली साधारण साडेपाच तास चालते. काही मिनिटांतच थेंब थांबला, तर बाटलीच्या बुडाला हवा आत जायला भोक नाही हे कारण. तेही सुईने पाडा.

पाणी रोज बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी भांडं नारळाच्या काथ्याने घासा, साबण नको. डासांची वाढ पूर्ण व्हायला आठवडाभर लागतो, रोज पाणी बदललं तर ती होत नाही.

भांड्यापासून ४०-५० सेंमीवर एकच फांदी लावा. पक्षी पाण्यात उतरण्याआधी एकदा थांबून इकडेतिकडे बघतो, आणि फोटो तिथेच मिळतो. जवळपास बसायच्या दुसऱ्या जागा असतील तर त्या काढून टाका, नाहीतर तो नेमका तारेवर बसेल. फांदी बोटभर जाडीची, सालासकट, थोडी तिरकी असावी. मनगटाएवढी जाड असेल तर पक्ष्याचे पाय दिसत नाहीत. वाळूने भरलेल्या बादलीत ती उभी करा, म्हणजे उजेडानुसार सरकवता येते. पक्षी येण्याआधी फांदीवर लिंबू ठेवून चाचणी फोटो काढा. पार्श्वभूमी, सावली, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) सगळं त्यात कळतं.

मार्च ते मे दुपारीही पक्षी पाण्यावर येतात, पण ऊन फार कडक असतं. तेव्हा भांडं आणि फांदी मोठ्या झाडाच्या सलग सावलीत हलवा. पानांमधून कवडसे पडणारी सावली टाळा, त्यात पक्ष्याच्या अंगावर पांढरे डाग येतात.

लपण्यासाठी खिडकीला हिरवी शेडनेट लावा आणि लेन्सपुरतं भोक ठेवा. मागच्या दारातून उजेड येत असेल तर जाळीतून तुमची आकृती स्पष्ट दिसते. म्हणून पाठीमागे काळी चादर टांगा आणि खोलीतला दिवा बंद ठेवा.

सेटिंग

मॅन्युअल मोडमध्ये शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक; एफ/ पुढचा आकडा मोठा तेवढं ते लहान) तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि चढउतार एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायच्या सोयीने करा. तिचे आकडे स्टॉपमध्ये असतात, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. सकाळी उजेड मिनिटागणिक वाढत असताना ही पद्धत सर्वांत कमी दगा देते.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो. अंघोळ करताना उडणारं पाणी गोठवायला १/१६०० लागतो. फुलापाशी पंख फडफडवणाऱ्या शिंजिराला १/२५०० किंवा त्याहून वेगवान शटर हवा. अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८. ४०० मिमीवर एफ/६.३ ठेवून ५ मीटरवरचा पक्षी टिपला तर फक्त ४ सेंमी खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. एवढ्याशा पट्ट्यात डोळा यायलाच हवा. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर आणि फोकसचा बिंदू एकच, छोटा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा, पण पानांच्या गर्दीत ती पानालाच डोळा समजते. तिथे पुन्हा एका बिंदूवर या.

गडद पार्श्वभूमीवर पांढरा बगळा असेल तर कॉम्पेन्सेशन उणे १ च्या आसपास. कोतवालासारखा काळा पक्षी फ्रेम भरत असेल तर उणे अर्धा ते १, आणि मागे उजळ आकाश असेल तर अधिक १ ते दीड. पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की संगणकावर परत येत नाही, म्हणून हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड तपासत राहा.

फुलपाखरं, सुरवंट, चतुर

कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो अंडी घालतात. ही झाडं कुंडीतही वाढतात, फक्त त्यांच्यावर फवारणी नको. लिंबावरचा लहान सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो आणि मोठा झाला की हिरवा होतो. कोषातून फुलपाखरू बाहेर येताना टिपायचं असेल तर रोज संध्याकाळी कोषाचा रंग बघा. तो पारदर्शक होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली, की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलपाखरू बाहेर येतं. उजाडायच्या आत कॅमेरा मांडून ठेवा. बाहेर पडल्यावर पंख सुकेपर्यंत त्याला हात लावू नका, फांदीही हलवू नका.

प्रौढ फुलपाखरं सकाळी साधारण आठ ते दहा या वेळात पंख उघडून ऊन खातात. त्यानंतर ती जागेवर ठरत नाहीत. जमिनीचा एखादा हातभर तुकडा ओलसर ठेवला तर क्षार शोषायला ती तिथे बसतात आणि बराच वेळ हलत नाहीत. जवळ जाताना तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडताच ती उडतात.

चतुर आणि टाचणी यांतला फरक सोपा आहे: बसल्यावर चतुराचे पंख आडवे पसरलेले असतात, टाचणीचे बहुतेक वेळा पाठीवर मिटलेले. चतुर उडून गेला तर जागा सोडू नका. पुष्कळ जाती थोडा फेरफटका मारून त्याच काडीवर परत येतात, तोपर्यंत फोकस काडीवर लावून ठेवा. ३०० मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/८ ला फक्त ६-७ मिमी पट्टा स्पष्ट येतो. म्हणून चतुराच्या बाजूला या आणि त्याचं शरीर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याला समांतर येईल असं बसा. एफ/११ ला थोडी आणखी सूट मिळते. भर दुपारी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे वर करून बसतात. अंगावर कमी ऊन यावं म्हणून ते तसं करतात, आणि दुपारच्या कडक उजेडातही घेण्यासारखा फोटो हाच.

कोळी, कोष, सुरवंटाचं डोकं अशा बारीक गोष्टींसाठी लेन्सच्या तोंडावर बसणारं रेनॉक्स डीसीआर-२५० भिंग स्वस्त पडतं. ते लावल्यावर १२ सेंमीच्या आसपासच फोकस होतं, त्यामुळे चतुरासाठी त्याचा उपयोग नाही. फ्लॅश वापरायचा तर त्यापुढे पातळ पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर धरा, शटर १/२०० आणि एफ/११ ठेवा. उघडा फ्लॅश कीटकाच्या पाठीवर पांढरा चट्टा पाडतो.

तळ्यावर

पाषाण तलाव, रंकाळा, अंबाझरी, किंवा गावाबाहेरचा एखादा पाझर तलाव, नियम सगळीकडे तेच. सकाळी पूर्व काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी पश्चिम काठावर. वारा पाठीमागून येत असेल तर आणखी चांगलं, कारण पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात आणि उडतात. तसे ते तुमच्याकडेच येतील.

बसल्यावर लेन्स पाण्यापासून १५-२० सेंमी उंचीवर आणा. उभ्याने फोटो घेतला तर पक्ष्याच्या लगत मागचं पाणी आणि त्यातला कचरा फ्रेममध्ये येतो. खालून घेतला तर पार्श्वभूमी थेट पलीकडचा काठ होते, म्हणजे पन्नास मीटर मागे जाते. सगळ्या फोटोत सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीने पडतो.

सरळ चालत पक्ष्याकडे जाऊ नका. तिरके जा, मध्ये बसा, नजर दुसरीकडे ठेवा. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, की तिथेच थांबा. तो पुन्हा खायला लागेपर्यंत हलू नका. टिबुकली बुडी मारते तेव्हा दोन पावलं पुढे सरका, ती वर येताच स्तब्ध व्हा. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी पहाटे पाणकणीस आणि लव्हाळ्यातून बाहेर येते, ऊन चढलं की परत आत शिरते. जलपर्णीवर चालणारा कमळपक्षी मात्र दिवसभर उघड्यावर असतो.

वंचक काठावर बसलेला मातकट दिसतो, उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. बसलेल्या पक्ष्यावर एक्स्पोजर बेतलं तर उडतानाच्या फोटोत पंख जळून जातात. तो उडायच्या बेतात दिसला की आधीच एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी हवेत फडफडत राहतो आणि मग सूर मारतो. फोकस त्या थांबण्यात पकडा, १/२५०० ठेवा आणि सूर मारताना बर्स्ट (एकापाठोपाठ सलग फोटो) चालू द्या. शेकाट्याचे लालसर पाय आणि प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटण्याआधी, आठच्या आत, पोचा. प्रतिबिंब खालून कापलं जाऊ नये म्हणून पक्षी फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात ठेवा.

गवतात बसण्याआधी काठीने आपटून पाहा. पाण्याकाठी दिसणारी दिवड बिनविषारी, पण त्याच गवतात घोणसही असू शकते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका आणि चिखलात उतरण्याआधी काठीने खोली पाहा. अनेक धरणांच्या भिंतीजवळ फोटो काढायला मनाई असते. फलक वाचा, नसेल तर पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारा.

घरटं दिसलं तर

लांबून बघा आणि फोटोचा मोह सोडा. शिंप्याचं पानं शिवून केलेलं घरटं अंगणातल्या झुडपातच असतं. नीट दिसावं म्हणून आडवं येणारं एखादं पान वाकवलं, तरी कावळ्याला वाट मोकळी होते आणि पिलांवर थेट ऊन पडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं धरलेलं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही विणीच्या काळात टाळा. तो प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि पिलांना भरवायचं राहून जातं.

फोटो बिघडला, तर कारण कुठे शोधायचं

फोटो पूर्ण आकारात मोठा करून बघा. फांदी स्पष्ट आणि पक्षी अस्पष्ट, तर शटर कमी पडला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं, तर हात हलला, बीनबॅग वापरा. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट, तर फोकस चुकला. आणि कशालाच धार नाही, कडा लाटेसारख्या वाकलेल्या, तर कारण कॅमेऱ्यात नाही, तापलेल्या हवेत आहे. ऊन चढल्यावर जमिनीवरून आणि पाण्यावरून उठणारी हवा तीस-चाळीस मीटरवरचा पक्षी विस्कटून टाकते. लेन्स बदलून हे सुटत नाही. जवळ जा किंवा दुसऱ्या दिवशी लवकर या. गाडीतून फोटो काढताना हिवाळ्यात आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते आणि हाच दोष येतो. इंजिन आणि हीटर बंद करून काच उघडी ठेवा, दहा मिनिटांत तापमान सारखं होतं.

परत आल्यावर

कोकण, मुंबई, गोवा इथे जून ते सप्टेंबर लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि काचेवरचं आवरण खराब झालं की ते दुरुस्त होत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत २०० ते ३०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. फार कोरडं झालं तर लेन्समधलं वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तवा ठेवून ते मूळ रंग येईपर्यंत परता, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. ओलसर कॅमेरा पिशवीत बंद करून ठेवू नका. आधी पुसा, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा, बॅटरी आणि कार्ड काढा, मग डब्यात ठेवा.